वाचकांचे प्रश्न : शिवणीत माया किती?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये मुलांच्या कपडेखरेदीविषयीची पत्रे बरीच होती. त्यांतली तीन या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या दोन प्रश्नांची मुळेही त्यातच आहेत.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिच्या नावाने दर आठवड्याला कपड्यांचे एखादे तरी पार्सल घरी येते. त्यांतले काही कपडे ती दोनतीनदा घालते आणि मग ते कपाटाच्या तळाशी जातात. प्रदूषण, पाण्याची नासाडी, कामगारांचे हाल हे सगळे मी तिला सांगून पाहिले, दोन माहितीपटही दाखवले. ती शांतपणे ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, "आधी तुझं कपाट मोज." यावर मला काही बोलता येत नाही. तिला याबाबत स्वतः विचार करायला कसे शिकवावे? (एक आई)

उत्तर : तुमच्या मुलीने विचार करायला सुरुवात केलेली आहे, फक्त तिची पहिली चाचणी तुमच्यावर झाली, इतकेच. "आधी तुझं कपाट मोज" हे मला उद्धट उत्तर वाटत नाही. ही एक उत्तम सूचना आहे आणि ती जशीच्या तशी अमलात आणावी. एखाद्या सुट्टीच्या दिवशी दोघींची कपाटे रिकामी करा, सगळे कपडे पलंगावर काढा आणि प्रत्येक कपड्यापुढे एकच गोष्ट लिहा: गेल्या वर्षभरात हा कपडा अंदाजे किती वेळा अंगावर चढला. घरातल्या इतरांनाही यात ओढता आले तर अधिक चांगले. 'बारीक झालो की घालीन' या आशेवर वडिलांनी वर्षानुवर्षे टांगून ठेवलेल्या पँटी बाहेर निघाल्या, की वातावरणातला ताण बराच उतरतो.

ही मोजणी मी एवढ्या आग्रहाने का सुचवतो, ते सांगतो. माहितीपटातला आकडा दुसऱ्याचा असतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालता येतो किंवा त्याकडे दुर्लक्ष करता येते. स्वतः मोजलेल्या आकड्याचे तसे होत नाही. वस्तूंच्या पुनर्वापरासाठी काम करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ सालच्या अहवालात असे मांडले होते, की आधीच्या सुमारे पंधरा वर्षांत जगातले कपड्यांचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले आणि एक कपडा टाकून देण्यापूर्वी जितक्या वेळा घातला जातो, ती संख्या साधारण ३६ टक्क्यांनी घटली. हे वाक्य मोजणीच्या आधी वाचून दाखवले, तर ते उपदेशात जमा होते. पलंगावर कपड्यांचा ढीग पडलेला असताना वाचले, तर मुलगी स्वतःच त्या आकड्यात स्वतःला शोधू लागते, आणि तुम्हीही.

आता त्या ढिगातले दोन सदरे उचला. एक असा, जो बरीच वर्षे टिकला आहे. दुसरा असा, जो चार धुण्यांत गेला. दोन्ही उलटे करा. कपडा आतून जितके बोलतो तितके बाहेरून बोलत नाही. शिवणीच्या आत कडेला जे जादा कापड सोडलेले असते, त्याला शिवणकामात 'माया' म्हणतात (हा शब्द ज्याने कोणी रुळवला, त्याला कपडाही कळत होता आणि मराठीही). माया असली, की कपडा पुढे सैल करता येतो, उसवला तर पुन्हा शिवता येतो. घाईने आणि काटकसरीने बेतलेल्या कपड्यात ही माया नावापुरती असते. ओव्हरलॉकची (धागे सुटू नयेत म्हणून कडेला घातलेल्या टाक्यांची) कड शिवणीला खेटून गेलेली असते, आणि तिथले दोनचार धागे सुटले की दुरुस्तीला जागाच उरत नाही. टीप किती बारीक आहे, काजाच्या कडा उकलल्या आहेत का, बटण किती धाग्यांवर लटकते आहे, कापड खिडकीसमोर धरले तर बोटे आरपार दिसतात का, हे पाहायला सांगा. टी-शर्टची बाजूची शिवण धुतल्यानंतर तिरपी होऊन पोटावर आली असेल, तर त्यामागे सुताचा पीळ असतो आणि विणलेले कापड नीट बसू न देता ते घाईने कापलेले असते. पंधरा वर्षांच्या मुलीला हे सगळे अर्ध्या तासात ओळखता येते आणि एकदा ओळखता आले की ते विसरता येत नाही. जाहिरातीने सहसा न दिलेली दृष्टी तिला या अर्ध्या तासात मिळते.

त्यानंतर लेबल. त्यावर 'पॉलिएस्टर' लिहिलेले असेल, तर तो धागा खनिज तेलापासून बनलेला आहे, हे अनेक मोठ्यांनाही ठाऊक नसते. आज जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टरच असते. हे शब्दांत सांगण्यापेक्षा दाखवावे. शिवणीच्या आतून काढलेला एकेक धागा चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर, पाणी जवळ ठेवून, मोठ्या माणसाने जाळून दाखवावा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टरचा धागा ज्योतीपासून आक्रसत मागे सरतो, वितळतो आणि त्याचा टणक काळा मणी होतो. तो मणी हातात घेतल्यावर (अर्थातच निवल्यावर) 'हे प्लास्टिक आहे' हे वाक्य मुलीने स्वतःहून म्हणावे, तुम्ही म्हणू नये. अशा कपड्यांतून प्रत्येक धुण्यात अतिसूक्ष्म तंतू सुटून पाण्यात जातात, हे त्यानंतर सांगितले तर तिला त्यात नवल वाटणार नाही. मात्र लगेच 'सुती चांगले, पॉलिएस्टर वाईट' असा निकाल देऊन टाकू नका. कापसाचेही स्वतःचे हिशेब आहेत. ते दुसऱ्या पत्राच्या उत्तरात येतील.

दुसरी तपासणी मोबाइलची, आणि ती करताना मुलगी शिक्षिका आणि तुम्ही विद्यार्थिनी असावे, कारण तिथले तिला तुमच्यापेक्षा अधिक कळते. ज्या ॲपवरून ती कपडे मागवते ते तिला उघडायला सांगा आणि ते आपल्याला घाई कुठे कुठे करते आहे, ते दोघींनी मिळून मोजा. मागे मागे जाणारे घड्याळ, 'फक्त दोन शिल्लक', 'आणखी एक घेतल्यास पाठवणी मोफत', 'एवढे जण आत्ता हेच पाहत आहेत'. मग एकच प्रयोग: तो कपडा ॲपच्या टोपलीत (कार्टमध्ये) तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचा. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेले दिसले, तर त्या एका दृश्याने जे काम होते ते दहा व्याख्यानांनी होत नाही.

याहून खोल असलेली गोष्ट अशी, की अतिवेगवान विक्री करणाऱ्या कंपन्या एखादा नवा नमुना आधी शंभर-दोनशे नगांपुरताच शिवून घेतात, कोणत्या नमुन्यावर बोटे थांबतात ते पाहतात आणि जो चालला त्याचेच उत्पादन वाढवतात. पूर्वी दुकानदार फॅशनचा अंदाज बांधत असे; आता तो अंदाज आपल्या मुलांकडून, त्यांच्या नकळत, फुकट वदवून घेतला जातो. "तू नुसतं बघतेस तेव्हासुद्धा तू त्यांच्यासाठी काम करत असतेस का?" हा प्रश्न तिला विचारून पाहा. किशोरवयीन मुलांना प्रदूषणाचे दुःख होतेच असे नाही, पण कोणी आपल्याला वापरून घेत आहे, याची चीड त्यांना हमखास येते. विचाराची सुरुवात अशा चिडीतून झाली तरी माझी हरकत नाही.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा. मुलीला लाज वाटेल असे बोलू नका. त्या वयात कपडा हा मैत्रिणींच्या घोळक्यात शिरण्याचा परवाना असतो, आणि तोच कपडा पुन्हा घातला म्हणून कोणी टोमणा मारला, तर तो टोमणा खरा असतो आणि लागतोही. त्याला 'फालतू' म्हणणाऱ्या आईचे पुढचे काहीही मुलगी ऐकणार नाही. त्यापेक्षा 'तोच कपडा दोनदा घातला हे कोणाच्या लक्षात येते, आणि तुझ्या लक्षात मैत्रिणींचे येते का?' हे विचारावे. बहुतेक मुले थोडा वेळ विचार करून 'नाही' म्हणतात आणि स्वतःच चकित होतात.

खरेदीचे नियम तिला तिचेच ठरवू द्या. तुम्ही फक्त एक हिशेब शिकवा: कपड्याच्या किमतीला तो किती वेळा घातला जाईल त्या संख्येने भागायचे. तिप्पट किमतीचा सदरा साठ वेळा आणि स्वस्तातला चार वेळा घातला गेला, तर महाग कोणता, हे गणित तिला जमेल. मात्र महागडा कपडा शोभेपुरता कपाटात राहिला, तर हेच गणित तुमच्यावर उलटेल, याची तयारी ठेवा.

प्रश्न : मी नववीच्या वर्गाला शिकवतो. फास्ट फॅशनवर, म्हणजे झटपट बदलणाऱ्या स्वस्त कपड्यांच्या धंद्यावर, तास घेताना मी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली: 'एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागते' आणि 'कपडे उद्योग हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा प्रदूषक उद्योग आहे'. त्यानंतर बांगलादेशातली कपडे कारखान्यांची राणा प्लाझा ही इमारत कोसळली, त्या दुर्घटनेची छायाचित्रे दाखवली. एका मुलाने विचारले, "सर, हे कोणी मोजलं?" आणि एका मुलीने विचारले, "आपण हे कपडे घेणं बंद केलं, तर त्या बायकांच्या नोकऱ्या जाणार नाहीत का?" मला दोघांनाही उत्तर देता आले नाही. (एक शिक्षक)

उत्तर : ज्या तासाला असे दोन प्रश्न येतात, तो तास वाया गेलेला नसतो. पहिल्या मुलाला पुढच्या तासाला जाहीरपणे शाबासकी द्या, कारण फळ्यावरच्या दोन वाक्यांपैकी एक जपून वापरण्याजोगे आहे आणि दुसरे पुसण्याजोगे.

२,७०० लिटरचा आकडा हवेतून आलेला नाही. कापसाच्या शेतापासून तयार कपड्यापर्यंत लागणाऱ्या पाण्याची ती जागतिक सरासरी आहे आणि तिचा मोठा वाटा शेतातच खर्च होतो. पण त्या पाण्यात शेतावर आपोआप पडणारा पाऊसही धरलेला असतो. म्हणून विद्यार्थ्यांनी पुढे विचारायला हवे, की पाणी कोणते आणि कुठले. पावसावर आलेला कापूस आणि आटत चाललेल्या नदीतून पाणी उपसून आणलेला कापूस यांची सरासरी काढली, की दोघांमधला फरकच नाहीसा होतो. मध्य आशियातला अरल समुद्र हे त्याचे उदाहरण आहे. १९६० च्या दशकापासून अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचे पाणी प्रामुख्याने कापसाच्या सिंचनाकडे वळवले गेले आणि एके काळी जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर असलेला हा जलाशय काही दशकांत आक्रसून त्याचा अगदी थोडा भाग उरला. मासेमारीच्या नौका वाळूत रुतून उभ्या असल्याची छायाचित्रे तुमच्या तासाला २,७०० या संख्येपेक्षा अधिक उपयोगी पडतील. गंमत म्हणजे तो कापूस फास्ट फॅशनच्या पुष्कळ आधीपासून पिकत होता. हेही मुलांपासून लपवू नये.

दुसऱ्या क्रमांकाच्या प्रदूषकाचे वाक्य मात्र वर्षानुवर्षे एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी गेले आणि त्यामागची मूळ मोजणी शोधायला गेलेल्यांच्या हाती काही लागले नाही. हरितगृह वायूंपुरते बोलायचे, तर कपडे उद्योगाच्या वाट्याचे प्रचलित अंदाज २ टक्क्यांपासून १० टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत, कारण कोणी पादत्राणे धरतो, कोणी घरातले धुणे धरतो, कोणी दोन्ही धरत नाही. ते वाक्य वर्गासमोर, मुलांना सांगून, पुसून टाका. आपल्या बाजूचा आकडा कच्चा निघाला, तर तो आपण स्वतः टाकून देतो, हे शिक्षकाने करून दाखवले, की कंपनीच्या 'पर्यावरणस्नेही' या शब्दालाही तोच प्रश्न विचारण्याचा अधिकार मुलांना मिळतो. एका बाजूलाच शंका घ्यायला शिकवणे हा प्रचार झाला, मग ती बाजू आपल्याला कितीही न्याय्य वाटत असो.

आता त्या मुलीचा प्रश्न. राणा प्लाझाची नुसती छायाचित्रे दाखवली, तर मुले हळहळतात आणि हळहळ लवकर विरते. घटनाक्रम सांगा. ढाक्याजवळच्या साभार येथील त्या आठमजली इमारतीला २३ एप्रिल २०१३ रोजी तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद करण्यात आली. वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावले गेले आणि २४ एप्रिलला इमारत कोसळली. १,१०० हून अधिक माणसे मेली, सुमारे अडीच हजार जखमी झाली. कोणत्या कंपन्यांसाठी तिथे काम चालत होते, हे काही ठिकाणी ढिगाऱ्यात सापडलेल्या लेबलांवरून शोधावे लागले.

बँक बंद राहिली आणि कारखाने का उघडले, या एका प्रश्नावर वर्गाचा सगळा तास जाऊ द्या. विद्यार्थ्यांचे गट पाडा: कारखानदार, परदेशी कंपनीचा खरेदी अधिकारी, शिवण विभागातली कामगार, इमारत निरीक्षक आणि ग्राहक. प्रत्येक गटाने २३ एप्रिलच्या संध्याकाळी आपण काय केले असते आणि ते करण्यापासून आपल्याला कोणी अडवले असते, ते लिहावे. माल वेळेत न दिल्यास दंड भरण्याची धास्ती, एक दिवस गैरहजर राहिल्यास बुडणारा पगार, तपासणी करणाऱ्याचे अधिकार, हे सगळे मुले आपोआप पटलावर आणतात. ग्राहकाच्या गटाला बहुधा फारसे काही लिहिता येत नाही, कारण त्या संध्याकाळी ग्राहकाला काही माहीतच नव्हते. तीच जागा चर्चेला सर्वांत उपयोगी आहे.

दुर्घटनेनंतर बांगलादेशातल्या कामगार संघटनांचा मुख्य आग्रह 'आमचे कपडे घेऊ नका' असा नव्हता. त्यांना सुरक्षित इमारती, संघटनेचा हक्क आणि पुरेसे वेतन हवे होते. मे २०१३ मध्ये कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात आगीपासून संरक्षण आणि इमारतींची सुरक्षितता यांविषयीचा कायदेशीर बंधन असलेला करार झाला. पुढे २०० हून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या आणि शेकडो कारखान्यांची स्वतंत्र तपासणी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस या उद्योगातले किमान मासिक वेतन ३,००० टका होते, ते ५,३०० टका झाले ('टका' हे बांगलादेशाचे चलन आहे). तेव्हा तुमच्या विद्यार्थिनीला असे सांगता येईल, की तिची शंका बरोबर आहे: एका रात्रीत सगळ्यांनी खरेदी थांबवली, तर पहिली झळ शिवणाऱ्या बायकांनाच बसेल. पण तिथल्या लोकांनी जे मागितले ते खरेदी थांबवल्याने नव्हे, तर करारामुळे काही प्रमाणात मिळाले. 'घ्यावे की घेऊ नये' या दोन पर्यायांच्या बाहेर 'विचारावे' हा तिसरा पर्याय आहे. मुलांनी एखाद्या कंपनीला पत्र लिहून विचारावे, की तुमच्या कारखान्यांची यादी जाहीर आहे का आणि या कराराच्या जागी पुढे आलेल्या करारावर तुमची सही आहे का. उत्तर आले तर ते वर्गात वाचावे. छापील, गुळगुळीत उत्तर आले तर ते अधिकच बारकाईने वाचावे.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा आहे. नको झालेले कपडे मी दानपेटीत टाकतो आणि नवे घेताना 'रिसायकल्ड पॉलिएस्टर' लिहिलेले बघून घेतो. तरी माझी ताई म्हणते, की मी स्वतःची फसवणूक करतो आहे. बरोबर कोण? (एक विद्यार्थी)

उत्तर : तू लेबल वाचतोस, हे चांगले आहे. आता त्याच्या पुढचे वाच. रिसायकल्ड पॉलिएस्टर बहुतांशी जुन्या कपड्यांपासून बनत नाही, पाण्याच्या आणि पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांपासून बनते. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा सदरा झाला, की पुढे तो बहुधा कचऱ्यातच जातो. कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यात येतो, असे वर उल्लेख केलेल्या २०१७ च्या अहवालात म्हटले आहे. सूत आणि पॉलिएस्टर एकत्र कातलेले असले, की ते वेगळे करणे अवघड जाते, हे त्याचे एक कारण आहे. त्यामुळे ते लेबल खोटे नाही, पण 'हा कपडा मी नव्याने घेतला तरी चालेल' अशी जी मुभा तू त्यातून काढतोस, ती त्यावर लिहिलेली नाही.

दानपेटीचेही तसेच आहे. पेटीत पडलेला प्रत्येक कपडा कोणा गरजूच्या अंगावर जातो, असे नाही. पुष्कळसे कपडे निवडून, दाबून, गाठी बांधून विकले जातात आणि समुद्रापार जातात. घानाची राजधानी आक्रा इथला कांतामांतो बाजार अशा कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले व्यापारी बंद गाठ आत काय आहे ते न पाहता विकत घेतात, आणि ती फोडल्यावर निघालेले फाटके, डागाळलेले, विरलेले कपडे हे त्यांचे नुकसान असते. तिथे या कपड्यांना 'ओब्रोनी वावू' म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. इतके चांगले कपडे जिवंत माणूस कशाला देईल, असा त्यामागचा तर्क सांगतात. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात, आल्तो होस्पिसिओ शहराजवळ, न विकल्या गेलेल्या कपड्यांचे ढीग उघड्यावर टाकलेले आहेत.

'फसवणूक' हा शब्द ताईने मागे घ्यावा, असे मला वाटते. फसवणुकीला हेतू लागतो आणि तुझा हेतू तसा नाही. पण पेटीत टाकण्यापूर्वी प्रत्येक कपड्याबाबत एक कसोटी लाव: हाच कपडा मी मित्राच्या हातात, त्याच्याकडे बघत, देऊ शकेन का? उत्तर 'हो' असेल तर मित्रालाच विचार, कदाचित त्याला तो हवा असेल. उत्तर 'नाही' असेल, तर त्याचे फडके करायला हरकत नाही. आणि नुसते बटण तुटले असेल, तर ते लावायला शीक. गाठ फोडणाऱ्या माणसाला लावलेल्या बटणाचे वेगळे पैसे मिळत नाहीत, पण तुटलेल्याचे कापले मात्र जातात.